कच्चा फोटो

मी एक फोटो बोलतोय. भिंतीवरचा नाही, अल्बममधला नाही, पाकिटात घडी पडलेला तर मुळीच नाही. ज्या दिवसाची गोष्ट सांगतोय, त्या दिवशी मला कागदाचं अंगही नव्हतं. एका मोबाइलच्या पोटात, एका फोल्डरमध्ये मी पडून होतो. फोल्डरचं नाव होतं 'कच्चे'.

माझा जन्म सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी झाला. आम्हा फोटोंना जन्मवेळ कुणाला विचारावी लागत नाही, ती आमच्याजवळच नोंदलेली असते. जन्मस्थळ म्हणजे एका खोलीचा स्टुडिओ. एक गोल स्टूल, एक पांढरा पडदा, दिव्यांचे दोन स्टँड आणि खिळ्याला अडकवलेला एक कंगवा. हा कंगवा आजवर निम्म्या गल्लीच्या डोक्यांतून फिरला असेल.

स्टुडिओचे मालक म्हणजे फोटोकाका. त्यांना एक सवय आहे. फोटो काढण्याआधी ते दोन्ही स्टँडचे स्क्रू आवळतात. मग पुन्हा आवळतात. कॅमेरा डोळ्याला लावल्यावर काहीतरी आठवल्यासारखे परत जातात आणि तिसऱ्यांदा आवळतात. गिऱ्हाईक मनात म्हणतं, काका भलतेच काटेकोर आहेत. मीही तेच समजलो होतो.

त्या दिवशी स्टुलावर काकांची लेक बसली होती. ही गोदीत क्रेन चालवते. दहा मजली उंचीवरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून जहाजांतले खोके अलगद खाली ठेवते. या खुर्चीसाठी तिनं चार वर्षं खाली उन्हात उभं राहून साखळ्या अडकवल्या आणि मग परवाना मिळवला. आता त्या परवान्याची मुदत संपत होती. नवा फोटो कार्यालयाच्या ॲपवर टाकायचा, तोही त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. नाही टाकला तर परवाना रद्द, परीक्षा पहिल्यापासून, आणि क्रेन दुसऱ्याच्या हातात.

एवढं शेवटच्या दिवसावर का आलं? काकांमुळे. पाच वर्षांपूर्वी कार्यालयात खिडकीवरच फोटो काढायचे. आता घरून पाठवायचा म्हटल्यावर काकांना आनंद झाला. "त्या खिडकीवरच्या फोटोत माणूस पकडून आणल्यासारखा दिसतो," ते म्हणाले. "या वेळी मी काढणार." मग एक दिवस लेक रात्रपाळी करून दमलेली दिसली, एक दिवस डोळे सुजलेले, एक दिवस केस बसेनात. असे चार दिवस गेले. लेकीनं एका शब्दानं तक्रार केली नाही. ती मुळात बोलतेच मोजकं.

माझ्यात तिचा चेहरा जसा आहे तसा उतरला. रुंद कपाळ, घट्ट मिटलेले ओठ, आणि डाव्या भुवईतून आरपार गेलेला एक व्रण. त्या व्रणानं पापणी जराशी खाली ओढली आहे. त्यामुळे डावा डोळा लहान दिसतो, समोरच्याचं बोलणं तिला फारसं पटलेलं नाही असा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. फोटोला चांगलं-वाईट कळत नाही. जे समोर असेल ते ठेवून घेणं, एवढंच आमचं काम.

काकांनी मला कॉम्प्युटरवर उघडलं, माझी एक नक्कल केली आणि मला 'कच्चे'मध्ये ढकललं. नकलेवर ते चाळीस मिनिटं बसले. आधी व्रण बुजवला. मग भुवई सांधली. पापणी काही मनासारखी उचलली जाईना, तेव्हा त्यांनी सरळ उजवा डोळा घेतला, उलटा केला आणि डाव्याच्या जागी बसवला. उठून आला तो माझा धाकटा भाऊ. दिसायला माझ्यापेक्षा कितीतरी उजवा, हे मी मोकळ्या मनानं कबूल करतो.

मग त्याला लेकीच्या मोबाइलमध्ये पाठवायचं होतं. काकांना एकच फाइल निवडून पाठवणं आजतागायत जमलेलं नाही. त्यांनी 'कच्चे'सकट अख्खं फोल्डर पाठवलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसा भावाबरोबर मीही गेलो.

अकरा वाजता भावाला ॲपवर चढवलं. गोल चकती फिरली, फिरली आणि थांबली. 'फोटो अपलोड होऊ शकला नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. माणसं एरवी 'कृपया' ऐकून नरम होतात, पण मोबाइलनं म्हटलेल्या 'कृपया'नं त्यांचं डोकं जास्तच फिरतं, असं माझं निरीक्षण आहे.

"नेट नसेल," काका म्हणाले.

लेक गच्चीवर गेली. भाऊ उंबरठ्यापर्यंत जाऊन परत आला. ती खाली उतरून कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी उभी राहिली. तिथं रेंज भरपूर होती. भाऊ तिथूनही परत आला.

"आकार मोठा असेल." मग भावाला लहान केलं. आणखी लहान केलं. एकदा इतका लहान केला की चेहऱ्याऐवजी ठिपकेच दिसायला लागले. ॲपला फोटो बघायची परवानगी दिली. फाइलचं नाव बदललं. मोबाइल बंद करून चालू केला. ॲप काढून टाकून नव्यानं घेतलं, तर त्यानं पासवर्ड मागितला, आणि पासवर्ड आठवण्यात पाऊण तास गेला. एवढं करून पहिले पाढे पंचावन्न.

स्टुडिओत आत्याही होती. ही काकांची थोरली बहीण. काउंटरमागं बसून फोटोंच्या कडा कापते आणि मतं देते. सगळी गल्ली ज्यांना काका म्हणते, त्यांना ती बाळ्या म्हणते.

"बाळ्या, त्या ऑफिसला फोन लाव. उगाच मोबाइलच्या नावानं बोटं मोडून काय होणार?"

"लावलाय ताई. सतराव्या नंबरवर आहोत."

"मग एवढा वेळ ते काय वाजतंय?"

"गाणं. वाट बघायचं गाणं."

"वाट बघायला लावायची आणि वर गाणं ऐकवायचं!" आत्या म्हणाली आणि कटर खाडकन खाली आणला.

लेक स्टुलावर बसून होती. दर थोड्या वेळानं घड्याळाकडं बघायची. दहा मजल्यांवर न थरथरणारे तिचे हात आता मांडीखाली दाबलेले होते. तिला भीती वाटत होती. मी मोबाइलमध्ये होतो आणि मोबाइल तिच्या मांडीवर, म्हणून हे मला कळलं.

साडेचारला फोन लागला. पलीकडून एका बाईंचा आवाज आला, दिवसभर तेच तेच बोलून सपाट झालेला.

"मेसेजच्या खाली बारीक अक्षरात एक नंबर असतो. तो वाचा."

लेकीनं डोळे ताणले. फिक्या करड्या रंगात काहीतरी होतं खरं. सकाळपासून कुणी तिकडं बघितलंच नव्हतं. काकांनी खणातून भिंग काढलं. निगेटिव्हवर पेन्सिलीनं डाग बुजवायच्या काळातलं ते भिंग.

"चारशे बारा," ते म्हणाले.

"म्हणजे चेहरा जुळत नाहीये. आमच्याकडं जुना फोटो आहे, त्याच्याशी."

"जुळत नाही? अहो बाई, माझी पोटची पोर आहे ती!"

"तसं नाही काका. फोटोत काही बदल केलाय का?"

आत्याचा कटर थांबला.

"बदल असा नाही," काका हळूच म्हणाले. "थोडं साफ केलं."

"साफ केलेला चालत नाही. आहे तसा पाठवा. पाचला बंद होतं." फोन कट झाला.

चारशे बारा हा आकडा अकरा वाजल्यापासून डोळ्यांसमोर होता. बाकी सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता, नेटवर, मोबाइलवर, ॲपवर, कार्यालयावर. काकांच्या हातावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

लेक भावाकडं बघत होती. बराच वेळ बघून ती म्हणाली, "बाबा, घरातल्या एकाही फोटोत माझा व्रण नाही. शाळेतल्या नाही, मावशीच्या लग्नातल्या नाही. मला वाटायचं, तुम्हाला तो बघवत नाही."

"नाहीच बघवत."

"एवढी वाईट दिसते मी?"

"चिमे!" काका खाली बसले. स्टूल तिच्याखाली होतं, म्हणून ते जमिनीवरच बसले. "स्क्रू मी आवळला नव्हता गं. गिऱ्हाईक घाईत होतं. म्हटलं, नंतर आवळू. आणि तो स्टँड तुझ्या तोंडावर आला. सहा वर्षांची होतीस. तुला काय आठवणार?"

"सगळं आठवतंय. मी तिथंच होते की." ती जराशी हसली. "तुम्ही हात लावू नको म्हणालात आणि मी त्यावर चढले. मला वाटायचं, माझा मूर्खपणा जगाला दिसू नये म्हणून तुम्ही पुसता."

"तू चढली होतीस?"

"दिव्यापर्यंत पोचायचं होतं मला."

"तरी स्क्रू घट्ट असता तर..."

"तर मी तो स्क्रूसकट पाडला असता, बाबा."

बावीस वर्षं दोघं एकाच व्रणाबद्दल आपापलं ओझं वाहत होते, आणि ते उतरायला एका सपाट आवाजाच्या बाईंचा फोन लागला. मी तटस्थ असतो, तरी मला त्या वेळी भरून आलं हे लपवत नाही.

काका डोळे पुसत उठले. "बस सरळ. नवा काढतो." आणि स्टँडकडं गेले. स्क्रू आवळला. पुन्हा आवळला. तिसऱ्यांदा इतका आवळला की दिवाच हलायला लागला. घड्याळात पावणेपाच झाले होते.

"अरे बाळ्या!" आत्या ओरडली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! सकाळी काढलेला मूळ फोटो कुठं गेला?"

"तो कच्चा आहे ताई."

"कच्चाच मागतायत ते!"

लेकीनं 'कच्चे' उघडलं आणि मोबाइल वडिलांच्या हातात दिला. "तुम्हीच टाका."

काकांनी मला उघडलं. लगेच टाकलं नाही. दोन बोटांनी मला मोठं केलं, आणखी मोठं केलं. शेवटी पडद्यावर फक्त डावी भुवई राहिली आणि तिच्यातून गेलेली ती पांढरी रेघ. सकाळी त्यांनी ती पुसायची जागा म्हणून पाहिली होती. आता नुसतीच पाहिली. मग तिच्यावरून एकदा अंगठा फिरवला. त्यामुळे मी सरकलो, एवढंच.

चार त्रेपन्नला त्यांनी मला ॲपवर चढवलं. चकती फिरायला लागली. मीही उंबरठ्यापर्यंत गेलो. पण परत आलो नाही.

हिरवी खूण उमटली तेव्हा आत्यानं कटर हाणला आणि कुणाच्या तरी पासपोर्ट फोटोचा कान उडवला.

आज मी एका प्लॅस्टिकच्या कार्डावर आहे. दोरीनं लेकीच्या गळ्यात असतो, दहा मजले वर. कडेला ओरखडे पडलेत, तेलाचा एक डागही आहे. गेटवरचा पहारेकरी रोज माझ्याकडं बघतो, मग तिच्याकडं बघतो आणि मान हलवतो. माझी एक प्रत स्टुडिओच्या कॉम्प्युटरमध्ये अजून पडून आहे. काका स्क्रू अजूनही आवळतात. पण आता दोनदाच.

भाऊ मात्र मोबाइलमध्येच राहिला. लेकीचा मोबाइल भरत आलाय. परवा ती केबिनमध्ये डबा खाताना जुने फोटो काढून टाकत होती. एकेक करत भावापाशी आली आणि तिचं बोट थांबलं.

बाई, माझं ऐकशील तर त्याला राहू दे. कुठल्याच खिडकीवर तो चालायचा नाही, आणि खरा तर तो नाहीच. पण तुझा तो डोळा परत करायचा प्रयत्न तुझ्या बापानं बावीस वर्षं केला, आणि हा त्यातला शेवटचा आहे.