पत्त्याचा रकाना

"पत्ता पूर्ण लिहा, ताई. खोली नंबर, गल्ली, सगळं. नाहीतर प्रमाणपत्र मिळणार नाही," असं बजावून इंद्रजीत सर माइककडे वळले. कार्यशाळेचा विषय होता 'तुमची माहिती, तुमचा हक्क'. हसावं की रडावं!

हजेरीच्या तक्त्यावर मेघाचा पेन थांबला. तिने मागे बसलेल्या बद्रीनाथकाकांकडे पाहिलं. काकांचं अदालत रोडला झेरॉक्सचं दुकान. पंचवीस वर्षं त्यांचा एकच नेम. खराब निघालेली प्रत गिऱ्हाइकासमोर फाडायची आणि पाण्याच्या बादलीत बुडवायची. शेजारचा भजीवाला रद्दी मागून मागून थकला. नवऱ्याचा मार चुकवून मेघा गंगापूरहून पळून आली, तेव्हा कोर्टाच्या कागदांच्या प्रती तिने त्यांच्याच दुकानात काढल्या आणि एक संच तिथेच ठेवायला दिला. मुकुंदवाडीतली तिची खोली माहेरालाही ठाऊक नव्हती, काकांना होती. आज हजेरीचे कोरे तक्ते त्यांच्याच मशीनवर निघाले होते. ते पोचवायला आले आणि जरा टेकले.

"काका, लिहू का?"

"लिही पोरी. लोकांची माहिती जपणाऱ्या दिल्लीच्या मंडळाचं नाव हाय वर. तिथं कोण फोडतंय तुझा पत्ता?"

तिने लिहिला.

सर तासभर बोलले. दिल्लीत मंडळ बसलंय, कुणी तुमची माहिती उधळली तर ते जबर दंड ठोकतं, तक्रार घरबसल्या करता येते. बचत गटाच्या बायांनी टाळ्या वाजवल्या, सरांना शाल मिळाली. आणि संध्याकाळी या शहाण्याने हजेरीच्या तक्त्यांचे स्वच्छ फोटो आपल्या संस्थेच्या फेसबुकवर टाकले, 'उदंड प्रतिसादाबद्दल आभार!'

चौथ्या दिवशी मेघाचा नवरा मोबाइलमधला तो फोटो दाखवत मुकुंदवाडीच्या गल्लीत शिरला. "यहाँ कोई मेघा-बिघा नहीं रहती," म्हणत शेजारच्या हसीनाबीने त्याला अडवून धरलं, तेवढ्यात मेघा मागच्या बोळातून अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेली. शिलाई मशीन तिथेच राहिलं.

काका तडक सरांच्या कचेरीत गेले.

"ते फोटू काढा आधी."

"अहो, वर उपस्थिती दाखवावी लागते आम्हाला."

"बाई खोली सोडून पळाली!"

"मग मंडळाकडे तक्रार करा ना. त्याच्यासाठीच तर आहे ते," सर म्हणाले आणि पाणीसुद्धा न विचारता मोबाइलमध्ये घुसले. काय पण माणूस!

काकांनी तक्रार केली. मंडळाचं उत्तर आलं, आधी संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. अधिकारी कोण? इंद्रजीत सरच! त्यांनी सूचनेबद्दल आभार मानले. काकांनी पुन्हा मंडळाचं दार ठोठावलं.

महिने गेले. मध्येच एका अनोळखी बाईच्या हाती मेघाची चिठ्ठी आली. कुठून, ते इथे सांगायचं कारण नाही. 'काका, बरी हाय. कोर्टाच्या प्रती द्या.' खाली नवा पत्ता होता. काकांनी त्याच बाईच्या हाती प्रती दिल्या आणि चिठ्ठी खिशात जपून ठेवली.

मग मंडळाचं पत्र उगवलं. 'बाधित व्यक्तीचा सध्याचा पूर्ण पत्ता व मोबाइल क्रमांक सात दिवसांत भरावा. अन्यथा तक्रार निकाली काढण्यात येईल.'

काकांनी ते दोनदा वाचलं.

"व्हय रे भाड्यांनो! पुन्हा पत्ता पायजे व्हय तुम्हाला?" ते दुकानात एकटेच ओरडले. मग आवाज बसला. "एकदा मीच म्हणलो होतो लिही म्हणून."

सातव्या दिवशी मोबाइलवर तक्रारीतला तो पत्त्याचा रकाना उघडून ते बसले. चिठ्ठी समोरच होती. भरला असता तर सरांना निदान नोटीस तरी गेली असती. काकांनी रकाना कोराच ठेवला. तक्रार निकाली निघाली.

त्यांनी चिठ्ठीचे चार तुकडे केले, बादलीत बुडवले आणि बाही वर सारून लगदा होईपर्यंत चोळत राहिले. आता मेघा कुठे आहे, हे त्यांच्यापाशीही लिहिलेलं नव्हतं.

"काका, आधारची एक प्रत," काउंटरवरून कुणी तरी म्हणालं.

"देतो," काका म्हणाले आणि त्यांनी हात पुसले.