घर, छत्री, मासा, किल्ली

आमच्या ताईच्या घरात आश्चर्य आधी व्हायचं आणि प्रयोग नंतर. हसू नका, खरंच सांगतेय. ताई आणि भाऊजी लहान मुलांच्या आईबापांसाठी विज्ञानाचे व्हिडिओ करतात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा ज्वालामुखी, फुग्यावर पळणारी गाडी, पेल्यातल्या पाण्यात वाकडी दिसणारी पेन्सिल. सगळ्यांत त्यांची मुलगी असते, भिंगरी. सकाळी खिडकीतून ऊन चांगलं येतं आणि पोरीचा चेहरा ताजा असतो, म्हणून आधी चेहरा घ्यायचा. भाऊजींनी चुटकी वाजवली की भिंगरीने डोळे मोठे करून "अय्या!" म्हणायचं. समोर काय असायचं? रिकामं टेबल. ज्वालामुखी उसळायचा दुपारी, ती झोपल्यावर. सोडा ओतणारे हात माझे असायचे, नखं कापून, आईचे शोभतील असे.

मी पुस्तकांसाठी चित्रं काढते. सुटी मिळाली की ताईकडे पुठ्ठे कापायला हजर. आपली माणसं आहेत, करायला हवं. पण भाऊजींचं ते "कुतूहल म्हणजे मुलाचं पहिलं खेळणं" ऐकून ऐकून माझे कान किटले होते. एकदा मी म्हटलंसुद्धा, "भाऊजी, ते पहिलं खेळणं स्वतःच्या पोरीला कधी देणार?" तर हसून म्हणाले, "मेव्हणीबाई, तुमच्या जिभेला हाड नाही." विषय संपला. त्यांचं हे नेहमीचंच. कोणी काही बोललं की ते हसतात, आणि हसणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

डोळ्यांवरचा भाग चित्रित केला तेव्हा भिंगरी साडेचार वर्षांची होती. कल्पना चांगली होती, नाही म्हणणार नाही. ज्या मुलांना अजून अक्षरं येत नाहीत, त्यांचे डोळे घरी कसे तपासायचे? चित्रांचा तक्ता लावायचा, मुलाला लांब उभं करायचं, एकेक डोळा झाकायचा आणि चित्रं ओळखायला सांगायची. तक्ता मी काढला. वर मोठी चित्रं, खाली बारीक होत जाणारी. शेवटच्या ओळीत घर, छत्री, मासा, किल्ली. भाऊजींनी कॅमेऱ्यात बघून आईबापांना बजावलं, "मुलांना उत्तर सांगायचं नाही हं! आणि दर वेळी चित्रांच्या जागा बदला, नाहीतर पोरं पाठ करतात. लबाड असतात!" किती छान बोलले. मी तक्त्याला टेकून उभी होते, मलाही पटलं.

भिंगरीने डावा डोळा झाकून सगळं घडाघडा सांगितलं. मग उजवा झाकला. ती थांबली. मान वाकडी केली, पुढे झुकली, आणि घराला मासा म्हणाली.

"पुन्हा घेऊ," भाऊजी म्हणाले.

पुन्हा घेतलं. या वेळी किल्लीला छत्री. मी म्हटलं, "अहो, तिला दिसत नाहीये की काय?"

"दमलीय ती. आणि ऊन चाललंय."

"मग चित्रं तरी बदला. तुम्हीच आत्ता सांगितलंत ना?"

"वेड लागलंय का?" भाऊजी म्हणाले. "पहिल्या शॉटमध्ये हीच चित्रं आहेत. आता बदलली तर जुळणार कसं?"

ताईने भिंगरीला जवळ घेतलं, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "घर, छत्री, मासा, किल्ली. म्हण बघू माझ्यासारखं." पोर हुशार. म्हणत राहिली, गाणं म्हणावं तशी. मग उजवा डोळा झाकला, भाऊजींनी चुटकी वाजवली आणि भिंगरीने हसत, एकही चूक न करता चार चित्रं सांगितली. "शाब्बास!" म्हणून ताईने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या व्हिडिओत आहेत.

नंतर मी ताईला स्वयंपाकघरात गाठून म्हटलं, एकदा डॉक्टरांना दाखवू या. ताई भांडी विसळत होती. म्हणाली, "तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. चालते, पळते, सुईत दोरा ओवते माझी पोर. डोळ्यांत काय दोष असणार?" तिच्या आवाजातला तो 'माझी' मला बोचला. ज्यांना मुलं नाहीत त्यांनी मुलांबद्दल बोलू नये, असं ती कधी उघड म्हणत नाही. गरजच पडत नाही.

त्यानंतर भिंगरी शाळेत जायला लागली, मोठी झाली, 'अय्या' म्हणण्यात पटाईत झाली. इतकी, की एकदा मी तिला खराखुरा सुरवंट दाखवला, पानाच्या कडेने कुरतडत चाललेला, तर तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आत्ता म्हणू?" सुरवंट तसाच चालत राहिला.

मग गेल्या महिन्यात मुलांच्या वाचनालयात पालकांचा मेळावा होता. भाऊजींनी टेबलावर लोहचुंबकं आणि भिंगं मांडली होती, भोवती गर्दी. एक बाई छोट्या मुलीचा हात धरून पुढे आल्या. त्या मुलीच्या एका डोळ्यावर चांदण्या छापलेली पट्टी चिकटवलेली होती. बाईंनी भाऊजींचे दोन्ही हात धरले.

"तुमचे उपकार कसे फेडू? तुमचा तो डोळ्यांचा भाग बघून आम्ही घरी तक्ता लावला. तुम्ही सांगितलं तशी रोज चित्रं बदलत गेलो. हिच्या एका डोळ्याला नीट दिसतच नव्हतं! डॉक्टर म्हणाले, बरं झालं लवकर आणलंत. आता चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतो, म्हणजे तो दुसरा आळशी डोळा कामाला लागतो."

बाईंचे डोळे भरून आले होते. भाऊजींची छाती फुगली. ताईने लगेच फोन काढला, बाईंना म्हणाली, "हे जरा पुन्हा सांगाल? इथे, उजेडात." आणि त्या भाबड्या बाईंनी पुन्हा सांगितलं.

इकडे पोरींची गट्टी जमली होती. भिंगरीला पट्टीवरच्या चांदण्या फार आवडल्या. बाईंच्या पिशवीत जास्तीची पट्टी होती, ती त्यांनी कौतुकाने दिली. भिंगरीने मैत्रिणीकडे बघत ती अगदी तिच्यासारखी, उजव्या डोळ्यावर चिकटवली. मग टेबलावरचं चुंबक उचलायला हात पुढे केला. हात चुंबकाच्या शेजारी पडला. पुन्हा चाचपडली. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मला म्हणाली,

"मावशी, तुझं तोंड कोणी पुसलं?"

मी तिच्यासमोर गुडघे टेकून बसले. बोटं वर केली, किती म्हणून विचारलं. ती म्हणाली, "हात आहे." बोटं नाही, हात. ताईला हाक मारली तर ती म्हणाली, "एक मिनिट, त्या बोलतायत ना." मी भिंगरीला उचललं आणि ताईच्या फोनसमोर नेऊन उभं केलं. मग मात्र तिला बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर वयस्कर बाई होत्या, शांत. भिंगरीला खुर्चीत बसवलं. समोरच्या भिंतीवर चौकोनात चित्रं उजळली: जहाज, तारा, कप, हत्ती. डावा डोळा झाकला, भिंगरीने सगळी बरोबर सांगितली. मग डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला.

भिंगरी सरळ बसली. केस मागे सारले. चेहऱ्यावर ते व्हिडिओतलं हसू आणलं आणि म्हणाली, "घर, छत्री, मासा, किल्ली."

डॉक्टरांनी चित्रं मोठी केली. "आता?"

"घर, छत्री, मासा, किल्ली."

"हे कुठून आणलंस, बाळा? इथे घर नाहीच आहे."

भिंगरीने वळून भाऊजींकडे पाहिलं. कुठल्याही विषयावर तासभर बोलणारा माणूस आता भिंतीवरचं जहाज बघत बसला. मीच सांगितलं. तक्ता, कानातलं गाणं, न बदललेली चित्रं, सगळं. ताई माझ्याकडे बघत नव्हती. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"एक डोळा चांगला असला की मूल तेवढ्यावर निभावून नेतं," त्या म्हणाल्या. "घरच्यांना कळत नाही. पण तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं. साडेचार वर्षांच्या डोळ्याला वळण लावणं सोपं असतं. आता आठव्या वर्षात किती सुधारेल, मी शब्द देत नाही. चष्मा देते, पट्टी लावू, प्रयत्न करू. नजर पूर्ण येईल अशी आशा धरू नका."

मग भाऊजी खाकरले. माझा अजून विश्वास बसत नाही, पण ते म्हणाले, "आपण यावर एक प्रामाणिक भाग करू या. इतर आईबापांना उपयोग होईल."

"भाऊजी," मी म्हटलं, "आता कॅमेरा उचललात तर तोच तुमच्या डोक्यात घालीन." डॉक्टरांसमोर म्हटलं. लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

ताई रडायला लागली. आवाज दाबत, पदराचं टोक तोंडात धरून. भिंगरीचा उजवा डोळा अजून झाकलेला होता. तिला आईचा चेहरा दिसत नव्हता, पण हुंदका ऐकू आला असणार. ती खुर्चीतून खाली उतरली, हात पुढे करून चाचपडत ताईच्या गुडघ्यापर्यंत आली आणि तिचा हात शोधून धरला.

"आई, रडू नको ना," ती म्हणाली. "पुन्हा घेऊ या. या वेळी तू आधी कानात सांग, मी बरोबर म्हणते."