दहा सेकंदांचे सर

फोनच्या भिंगावर बोटाचा ठसा होता, तेलकट, अंगठ्याचाच असावा... सरांनी तो सदऱ्याच्या टोकाने पुसला, उजेडाकडे धरून पाहिला, तर पसरून आणखी मोठा झालेला. जाऊ दे. समोर जाहिरातींच्या मोठ्या बोर्डावर आता घरं चालली होती, पंचेचाळीस मजल्यांची. मग दागिने, मग शाम्पू, मग कुठल्याशा विमानाची तिकिटं, आणि मग मी. दहा सेकंद मी, की पुन्हा बराच वेळ घरं. जगदीश मेस्त्री सर अकरा वाजल्यापासून भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला फुटपाथवर उभे होते, आणि तेवढ्यात चार वेळा बोर्डावर येऊन चारही वेळा स्वतःच्याच हातून निसटले होते.

पहिल्यांदा बस आडवी आली. दुसऱ्यांदा उन्हात फोनचा पडदा काळाठिक्कर, काही म्हणजे काही दिसेना. तिसऱ्यांदा फोटो निघाला खरा, पण चेहऱ्यावरून आडवे काळे पट्टे, वहीतलं चुकलेलं गणित खोडावं तसे. आणि चौथ्यांदा... चौथ्यांदा ते नुसतेच बघत राहिले. हात वर करायचाच कंटाळा आला. पाय दुखत होते, तोंडावरचा धुळीचा मास्क घामाने ओला झाला होता, आणि एवढ्या मोठ्या रस्त्यावर मान वर करून ती जाहिरात बघणारा माणूस एकच होता, तोही जाहिरातीतलाच.

हितेंद्रची ही सगळी हौस. संध्याकाळी सहाच्या बॅचचा हितेंद्र, कर्कटकाने बाकावर नाव कोरणारा, आता या बोर्डवाल्यांच्या ऑफिसात साहेब. "सर, आज दिवसभर एक जागा रिकामी आहे, तुमची टाकतो. नाही म्हणू नका." आणि बायकोने, अनुजाने, निघताना बजावलेलं, "फोटो घेऊनच या हं, मग बघा पालकांच्या ग्रुपवर कसा टाकते तो." तिला अजून वाटतं, मुलं येतील. बत्तीस वर्षं व्यायामशाळेच्या पोटमाळ्यावर गणिताचा क्लास, एकेकाळी जिन्यावर चपलांना जागा नसायची, आणि यंदा मुलं तीन. पंधरा तारखेपर्यंत दहा झाली नाहीत तर पोटमाळा मंडळाच्या सामानाला जाणार. राकेशने, मंडळाच्या सेक्रेटरीने, मान खाली घालून सांगितलं. तोही सरांचाच विद्यार्थी. बिचारा किती वेळ चहाच ढवळत बसला होता.

खरं तर बरंच होईल, असं सरांना परवा अंघोळ करताना वाटलं होतं. मग असं वाटलं याचीच लाज वाटली.

पुन्हा विमान आलं. सरांनी फोन उचलला.

फोटो पंधरा वर्षांपूर्वीच्या सत्काराचा, केस काळे, गाल भरलेले, हात जोडलेले. आजारपणानंतर आता आरशात दिसतो तो माणूस याचा थोरला भाऊ शोभेल. हितेंद्रच्या ऑफिसातल्या मुलीने मागचं सगळं पुसून पांढरं केलं होतं आणि कोपऱ्यात एक तेवती पणती ठेवली होती. "ज्ञानाची, सर," ती फोनवर म्हणाली होती, आणि सरांनी छान आहे म्हणून टाकलं होतं. खाली ‘प्रवेश सुरू’, पण अक्षरं इतकी बारीक की...

"अगो बाई! सर गेले?"

सर दचकले. शेजारी एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली होती, हातात कापडी पिशवी. सरांनी आवाजावरूनच ओळखलं. मीराबाई, त्यांच्याच चाळीतल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या. चाळ पाडली तेव्हा शीवला राहायला गेलेल्या. त्यांनी चपला काढल्या, त्या तापलेल्या फुटपाथवर, आणि बोर्डाकडे बघून हात जोडले. पांढरं, पणती, जोडलेले हात. सरांना एकदम दिसलं काय झालंय ते. आणि इतका वेळ आपल्याला ते कसं दिसलं नाही, बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला...

घरं आली.

"कधी गेले हो?" मीराबाईंनी विचारलं. सरांच्या डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, अंग वाळलेलं. त्यांनी काही ओळखलं नाही.

"कळलंच नाही," सर म्हणाले.

"काय माणूस होता! आमचा रघु मोरीत लपून बसायचा, तर हे घरी येऊन कान धरून न्यायचे. मारायचे तरी किती मेले! पण आज पोरगा बँकेत आहे." मीराबाईंनी पदराने डोळे पुसले. "त्याच्या लेकीला, श्रेयाला, आठवीत यांच्याकडेच घालायचं म्हणून निघाले होते, व्यायामशाळेत विचारायला. आता कुठे घालू हो पोरीला? तुम्ही ओळखत होतात का त्यांना?"

"थोडंफार."

चला, सुटलो... हेच आलं मनात आधी, बाकी काही नाही. पंधरा तारीख नाही, राकेशची खाली घातलेली मान नाही, अनुजाला खोटं हसून दाखवणं नाही. कोणीतरी चपला काढून हात जोडले, संपलं, इतकं सोपं. छातीवरून पोतं उतरावं तसं वाटलं, आणि त्या मोकळेपणाचीच मग त्यांना भीती वाटली. क्लासची चौथी मुलगी आजीच्या रूपाने इथे हाताच्या अंतरावर उभी होती, आणि आपण तिला जाऊ देत होतो.

"येते हं," म्हणून मीराबाई चपला घालून सिग्नलकडे गेल्या. व्यायामशाळेकडे नव्हे, उलट्या बाजूला, शीवच्या बसकडे. सिग्नल लाल होता. लाल आकडे उलटे चालले होते, बावीस, एकवीस. बोलवायचं तर काय म्हणून? अहो, मी आहे अजून? आणि त्या वळल्या, मास्क काढून हा चेहरा दाखवला, तर वरच्या त्या सरांपुढे तो त्यांना पटेल तरी का... चौदा. हातातला फोन थरथरला, अनुजाच असणार, मिळाला का फोटो. दमणूक होती तिथेच होती, गुडघ्यांत, खांद्यांत, तसूभरही कमी झाली नव्हती. आठवीचं बीजगणित, पहिला धडा, फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात तारीख...

नऊ. आठ.

मास्कच्या आत सरांनी घसा खाकरला. वर्गात शिरण्याआधी, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर खाकरायचे, तसाच.