अर्धेरावाची खोटी टक

हात नाहीत, पाय नाहीत, कमरेखाली काहीच नाही, असा मी एक जुना रबरी पुतळा आहे, मित्रांनो. चौकातल्या पुतळ्यांना लोक हार घालतात, मला मात्र आडवं टाकून माझी छाती दाबतात. माझा जन्मच त्यासाठी झाला. एखादा माणूस अचानक कोसळला, त्याचं हृदय बंद पडलं, तर डॉक्टर येईपर्यंत त्याची छाती कशी दाबत राहायची, हे साध्यासुध्या माणसांनी माझ्यावर शिकायचं. हे काम मी अकरा वर्षांहून जास्त करतोय. त्यातली पहिली नऊ वर्षं मी छाती पुढे काढून सांगतो. पुढच्या दोन वर्षांचं सांगायची वेळ आली की मला तोंड लपवावंसं वाटतं, आणि तोंड झाकायला मला हातही नाहीत.

माझ्या छातीत प्लास्टिकच्या बरगड्या आहेत. त्यांच्याखाली एक जाड स्प्रिंग आणि पत्र्याची एक छोटी पट्टी आहे. छाती बरोबर दोन इंच खाली गेली की ती पट्टी वाजते, टक. दाब कमी पडला तर मी गप्प. एवढीच माझी बोली. कारखान्यात ज्या बाईने मला तपासलं, तिने मला दिवसभर दाबून पाहिलं आणि शेजारणीला समाधानाने सांगितलं की हा खोटं बोलणार नाही. तिचे ते शब्द मला अजून आठवतात. आठवले नसते तर बरं झालं असतं.

तिथून मी कालव्याकाठच्या एका वस्तीच्या सभागृहात आलो. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिथे दर रविवारी सकाळी स्वयंसेवकांचा वर्ग घेत. सगळे त्यांना जमादार म्हणत. दोरीच्या गाठी, जखमेची पट्टी, जखमीला उचलायची रीत, आणि शेवटी मी. पहिल्याच दिवशी सलूनवाल्याने मला नीट न्याहाळलं आणि माझं नाव अर्धेराव ठेवलं. हा सलूनवाला सवयीने माझी हनुवटी धरून मान अशी काही वळवायचा, की आता हा वस्तरा काढतो की काय असं मला वाटायचं. बसचा कंडक्टर दाबताना इतका मोठ्याने आकडे मोजायचा, की रस्त्यावरचे लोक खिडकीतून डोकावायचे. मजेचे दिवस होते ते. घाम गाळल्याशिवाय मी कुणाला टक देत नसे, म्हणून माझ्या टकेला मान होता.

वर्गात एक निवृत्त पोस्टमन यायचे. गुडघे दुखतात म्हणून ते खाली बसून छाती दाबत नसत, खुर्चीवर बसून असत. पण वस्तीतलं प्रत्येक घर त्यांना नंबरासकट तोंडपाठ होतं. कुठे म्हातारी एकटी राहते, कुणाला ऐकू येत नाही, कुणाचा जिना अरुंद आहे, सगळं. जमादार म्हणत, आपला नकाशा खुर्चीवर बसलाय. त्यांची मुलगी कपडे शिवायची, तिला सगळे टेलरताई म्हणत. वर्गाला ती कधी चुकली नाही, पण तिचा हात हलका होता. ती दाबायची आणि मी गप्प राहायचो. तिचा चेहरा एवढासा व्हायचा, तरी पुढच्या रविवारी ती पुन्हा हजर.

मग परीक्षेचा दिवस ठरला. वरच्या कार्यालयातले साहेब येणार होते. तीस स्वयंसेवक पास झाले, तर वस्तीला रबरी होडी आणि लाइफ जॅकेटं मिळणार होती. जमादार तीन वर्षं त्या होडीसाठी अर्ज करत होते. आदल्या दुपारी त्यांनी सगळ्यांची उजळणी घेतली. माझी टक मिळाली फक्त चौदा जणांना. टेलरताई त्यांत नव्हती.

सगळे गेल्यावर जमादार माझ्याजवळ बसून राहिले. मग त्यांनी मला पालथं घातलं, पाठीचं झाकण काढलं आणि आतला स्क्रू दोन आटे सैल केला. "चार दिवसांचा प्रश्न आहे रे," ते मला म्हणाले. "होडी आली की परत आवळतो."

दुसऱ्या दिवशी काय सांगू तुम्हाला! जो दाबेल त्याला टक. एक इंच दाबलं तरी टक. लोकांना वाटलं, इतक्या रविवारांचा घाम आज फळाला आला. टेलरताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिच्या बाबांनी खुर्चीतून टाळ्या वाजवल्या. एकूण अडतीस जण पास झाले. महिन्याभरात होडी आली.

स्क्रू मात्र आवळला गेला नाही. जमादार विसरले नव्हते, मित्रांनो. ते दर रविवारी माझ्याकडे पाहायचे आणि नजर चुकवायचे. वर्ग भरू लागला होता, नवे लोक येत होते, पास होऊन हसत घरी जात होते. आता स्क्रू आवळायचा म्हणजे सगळं तोंडाने सांगायचं, आणि तेच त्यांना जमेना. पुढच्या रविवारी बघू, असं करत दोन वर्षं गेली.

आणि मी? तुम्ही म्हणाल, पुतळ्याचा काय दोष, त्याला जीभ कुठे आहे. मीही दोन वर्षं स्वतःची अशीच समजूत घातली. पण खरं सांगतो, मला ते आवडत होतं. पूर्वी लोक माझ्यावर वैतागायचे, आता येता-जाता माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे. मी फुकटची शाबासकी वाटत होतो आणि त्या बदल्यात लाड करून घेत होतो.

एका रविवारी वर्ग सुरू होता होता कालवा फुटला. सभागृह उंचावर होतं, म्हणून लोक तिकडे धावत आले. जमादारांनी होडी काढली. गुडघे विसरून पोस्टमनकाका तिच्यात बसले. कुठलं दार आधी ठोठावायचं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? तीन खेपांत अकरा म्हातारीकोतारी माणसं पाण्यातून बाहेर आली. त्या होडीने जीव वाचवले, हे मी नाकारणार नाही. तिसऱ्या खेपेनंतर काका चिंब भिजून सभागृहाच्या पायऱ्या चढले आणि दारातच कोसळले.

टेलरताई आत घोंगड्या वाटत होती. धावत आली. वर्गात शिकवलेलं सगळं तिने केलं, क्रमाने केलं. बाबांना हाक मारली, श्वास पाहिला, कंडक्टरला फोन करायला सांगितलं, तळहात बरोबर जागी ठेवले, कोपरं ताठ केली आणि मोठ्याने मोजायला लागली. एक, दोन, तीन. मी मंचावर माझ्या पेटीत पडल्या पडल्या पाहत होतो. सगळं बरोबर होतं. फक्त तिचे हात एक इंचच खाली जात होते, कारण तेवढ्यावर थांबायला तिला मीच शिकवलं होतं.

रस्त्यात पाणी, त्यामुळे रुग्णवाहिका दूरच थांबली. तिच्यातली नर्स कमरेएवढ्या पाण्यातून चालत आली. तोवर नऊ मिनिटं झाली होती. तिने टेलरताईला बाजूला केलं आणि छाती अशी दाबली, की बघणाऱ्यांचा श्वास अडकला. "एवढं खोल दाबायचं, ताई," ती दाबता दाबता म्हणाली. मग तिने पिशवीतल्या यंत्राने छातीला विजेचे दोन झटके दिले आणि काकांची नाडी लागली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा पडला नाही.

काका वाचले. तीन आठवड्यांनी घरी आले. पण त्या नऊ मिनिटांत मेंदूला रक्त कमी पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते मुलीला ओळखतात, हसतात, हाताने जेवतात. मात्र साऱ्या वस्तीचे नंबर तोंडपाठ असणारे पोस्टमन आता स्वतःच्याच गल्लीत उभे राहून विचारतात, आपलं घर कुठलं हो?

एका दुपारी टेलरताई एकटीच सभागृहात आली. तिने मला पेटीतून काढून जमिनीवर ठेवलं आणि दाबलं. टक. पुन्हा दाबलं. टक. वर्गातल्या रीतीप्रमाणे मोजून तीस वेळा दाबलं आणि तीसही वेळा मी टक केली. तिने दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि रडत रडत स्वतःशीच म्हणाली, "मी बरोबर दाबत होते. माझ्या हातून काही चुकलं नव्हतं."

मित्रांनो, तेव्हा मला वाटलं, माझी ती पट्टी तिथल्या तिथे मोडून पडावी. असली लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

जमादार दारात उभे होते. होडीला कुलूप लावायला आले होते ते. त्यांनी सगळं ऐकलं. गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं, आणि तिच्या मनावरचं ओझंही उतरलं असतं. पण ते आत आले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"ताई, ही टक खोटी आहे," ते म्हणाले. "परीक्षेच्या आदल्या दिवशी मी स्क्रू सैल केला होता. तुमचं काही चुकलं नाही. मी चुकीचं शिकवलं."

तिने एवढंच विचारलं, किती सैल? जमादारांनी अंगठा आणि बोट यांत अंतर धरून दाखवलं. जन्मभर कापड मापणाऱ्या बाईला एक इंच म्हणजे किती, हे कुणी सांगायला नको. ती त्या बोटांकडे बघत राहिली.

"आवळा," ती म्हणाली.

त्यांनी स्क्रू आवळला. तिने दाबलं. मी गप्प. पुन्हा दाबलं, मी गप्प. मग ती गुडघ्यांवर उंच झाली, सारं अंग हातांवर टाकलं आणि दाबलं. टक. दोन वर्षांत मी पहिल्यांदा खरं बोललो. तिचे हात लाल झाले तरी तीस पुरे होईपर्यंत ती थांबली नाही. मग उठली आणि जमादारांकडे न बघता निघून गेली.

त्यानंतर जमादार पास झालेल्या प्रत्येकाच्या दारी गेले, स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं आणि पुन्हा शिकायला या म्हणून विनवलं. कुणी दार लावून घेतलं, कुणी नाही नाही ते बोललं. वरच्या कार्यालयालाही त्यांनी पत्र लिहिलं. बावीस जण परत आले. त्यांना आता टेलरताई शिकवते. जमादार सतरंज्या घालतात आणि मला पेटीतून काढून देतात. ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलते. तिने त्यांना माफ केलं का, मला माहीत नाही. मला केलं का, हे तर मी विचारूही शकत नाही.

मित्रांनो, वर्गाआधी माझा स्क्रू तपासून बघा. कुणी तुम्हाला फार सहज शाबास म्हटलं, तर आणखी एकदा जोर लावून बघा. दंड दुखले तर दुखू द्या. आणि शिकवणाऱ्यांनो, एखाद्याचा चेहरा एवढासा झाला, तर त्याच्याजवळ बसा, त्याला पुन्हा दाखवा, पण माप सैल करू नका.

पोस्टमनकाका अजूनही दर रविवारी येतात. त्याच खुर्चीवर बसतात. मुलगी दाबायला लागली की ते तिच्याबरोबर मोठ्याने आकडे मोजतात, आणि सतरापाशी अडकतात. वर्ग त्यांच्यासाठी थांबत नाही, कारण छाती दाबताना थांबायचं नसतं. टेलरताई पुढचा आकडा जरा मोठ्याने म्हणते, काकांना तो सापडतो, आणि तीस होईपर्यंत मी प्रत्येक आकड्याला खरी टक देतो.