आता मला विचारा

जात्यात दाण्यांची वैरण घालण्याआधी अयोध्याचा हात सुपातली मूठभर ज्वारी घेऊन कोनाड्यातल्या गाडग्याकडे वळला आणि ती चपापली. मूठ तशीच परत आणून तिनं सुपात सोडली.

दळणाआधी मूठभर धान्य देवाच्या कामासाठी बाजूला काढायचं, ही बेंबळीतल्या चार ख्रिस्ती घरांची रीत. बारा वर्षं ती तिनं पाळली, कारण नवरा, बलभीम, रोज गाडग्यात डोकावून बघायचा. त्याला जाऊन आता महिना झाला होता. डोकावणारं कुणी उरलं नव्हतं, तरी हात आपला चाललाच होता. हे मी करते की नुसता हात करतो, असं तिच्या मनात आलं आणि त्या दिवसापासून तिनं मूठ काढणंच थांबवलं.

आठवडा झाला आणि शनिवारी तिचा धाकटा भाऊ उत्तरेश्वर येरमाळ्याहून रिकामी बैलगाडी घेऊन आला. तो दारातच गाडीच्या जुवावर टेकला. बाटलेल्या बहिणीच्या हातचं पाणीही बारा वर्षांत त्यानं घेतलं नव्हतं.

"अक्का, चल घरी. जातीच्या पंचांशी बोललोय म्या. येडाईदेवीच्या पाया पडायचं, पाच मानसं जेवू घालायची, झालं."

"आन् न्हाय आले तर?"

"तर मला परत हितं येता यायचं न्हाय. पंचांनी एक डाव सूट दिलीया." तो खाली बघून बोलत होता. "हितं कोन हाय तुजं? दाजी गेले. लढाई लागली तसा मिशनचा गोरा सायेब त्याच्या मुलकाला गेला, साळंला कुलूप लागलं. पडलीस झडलीस तर पानी कोन देनार?"

त्याचं काही खोटं नव्हतं. पोटी मूल उरलं नाही, खुरपायला गेलं तर भाकरी. माहेर म्हणून काय ते हे एवढंच. "उद्या ऐतवारी पाळकसायेब येनार हायेत," ती म्हणाली, "त्यांना सांगून निघते." रविवारी सकाळी उत्तरेश्वरनं जातं, पेटी आणि वाकळा गाडीत घातल्या.

सोलापूरच्या चर्चचे पाळक कल्याणप्पा दर दोन महिन्यांनी निजामाच्या हद्दीचा नाका ओलांडून सायकलवर यायचे. बंद शाळेच्या पडवीत नऊ माणसं जमली. बाहेर लिंबाखाली गाडीशी उत्तरेश्वर बसला होता. प्रार्थना संपली आणि अयोध्या उठून उभी राहिली.

"सायेब, बारा वर्सामागं तुमी मला इचारलं व्हतं, येशूला आपला मानतीस का म्हनून. तवा माजं 'व्हय' मालकांनीच म्हनून टाकलं."

माणसं हसली, कारण सगळ्यांना आठवत होतं. बलभीम बोलायला लागला की इतरांना मान हलवण्यापलीकडे काम उरायचं नाही. मोठा मायाळू गडी, पण बायकोच्या वाटचं उत्तरही तोच देणार.

"आता मला इचारा."

"बाई, बाप्तिस्मा एकदाच होतो," कल्याणप्पा समजुतीनं म्हणाले.

"पानी नगं. निस्तं इचारा. न्हाय आलं तोंडातून, तर भावासंगं जाते. गाडी भरल्याली हाय."

कल्याणप्पांना हे टाळता आलं असतं. पण त्यांनी काढून ठेवलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, उभे राहिले आणि पुस्तक न उघडता विचारलं, "अयोध्याबाई, येशू ख्रिस्ताला तुम्ही आपला मानता का?"

तिनं मनात शोधून पाहिलं. आठ दिवस मूठ काढली नव्हती, तर काही बिघडलं नव्हतं. पण रानात खुरपताना ती येशूशी बोलायची, ते काही थांबलं नव्हतं. ऊन, कंबरदुखी, वर्षाच्या आत गेलेली पोर, सगळं त्याला सांगायची. बलभीमानं प्रार्थना पाठ करून घेतल्या होत्या, हे बोलणं मात्र तिचं तिला आलं होतं. त्याचा पत्ता बलभीमालाही नव्हता. तिनं लिंबाकडे पाहिलं. भाऊ तिच्याचकडे बघत होता. तिचे डोळे भरून आले.

"व्हय," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण लिंबापर्यंत गेला.

उत्तरेश्वरनं भांडण केलं नाही. गाडी परत तिच्या दाराशी आणली, पेटी-वाकळा उतरवल्या आणि जातं एकट्यानं उचलून पूर्वीच्या जागी बसवलं, डुगडुगू नये म्हणून खाली दगडाच्या चिपाही लावल्या.

ती दळायला बसली. सुपातली मूठ भरली, क्षणभर हातातल्या ज्वारीकडे पाहिलं आणि मग उठून ती गाडग्यात टाकली. चार भाकरी थापल्या, मिरचीचा ठेचा ठेवून फडक्यात बांधल्या आणि गाडीपाशी नेल्या.

"वाटंला लागंल," ती म्हणाली.

उत्तरेश्वरनं शिदोरीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि ती घेऊन मांडीवर ठेवली. गाडी निघाली. अयोध्या वळणापर्यंत बघत उभी राहिली. फडक्याची गाठ त्यानं सोडलेली दिसली नाही, पण शिदोरीवर ठेवलेला हातही त्यानं काढला नव्हता.