सासूबाईंचा सराव

माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आवडाबाईंनी, काळकाईचा डोंगर चढायचं ठरवलं ते माझ्यासाठी, आणि त्यांना चढायला शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. कॉलेजात असताना मी अलिबागच्या एका ग्रुपबरोबर किल्ले पालथे घातले होते, हे लग्न जुळवताना माझ्या चौलच्या मामाने फुशारकीने सांगितलं होतं. तेव्हा त्याला कुणी दाद दिली नव्हती. आता पाच वर्षांनी सासूबाईंना ते बरोबर आठवलं.

“तुला डोंगर म्हायती हाय,” त्या म्हणाल्या. “माझी तयारी तूच करून घे. माघातल्या पुनवेला जायाचं.”

“पण आई, खालच्या देवळात बोला की नवस. देवी तीच ना?”

“खालची ऐकती, पन देती वरचीच. आनि वर आपल्या पायानं जावं लागतं.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “पाच वर्सं झाली गं प्रणाली. तुझी कूस उजवू दे, मंग माझं पाय ऱ्हायलं काय नि गेलं काय.”

मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

खरी गोष्ट अशी, की मला आणि रितेशला मूल नको होतं. हे आम्ही लग्नाआधीच, दिवेआगरला भजी खाता खाता ठरवलं होतं. त्यामागे मोठं दुःख नाही की तत्त्वज्ञान नाही. कुणाला पोरं हवी असतात, कुणाला नसतात. या गोष्टीची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटायची ती घरात कुणालाच हे माहीत नसल्याची. “आईला मी सांगतो,” असं रितेश पाच वर्षं म्हणत होता. तो मुंबईला नोकरीला. शनिवारी यायचा, रविवारी मटण खायचा आणि संध्याकाळची एसटी धरायचा. एवढ्या धावपळीत बिचाऱ्याला वेळ कधी मिळणार?

मी त्याला फोन लावला. “आता तरी सांग. बाई डोंगर चढायला निघालीय.”

“अगं, तिचे गुडघे बघितलेस ना? दोन दिवस चढव, आपोआप नाद सोडेल. मग सांगायचीही गरज नाही.”

मला ते पटलं. रितेशला काय नावं ठेवायची, मलाच ते पटलं.

आमच्या गावामागे पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या पायऱ्या आहेत. उभ्या, ओबडधोबड, धरायला काही नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी सासूबाईंना तिथे नेलं आणि चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं. मलाच दम लागला. एवढं कुठल्याही शहाण्या माणसाने नवशिक्याकडून करून घेतलं नसतं, आणि हे मला माहीत होतं. त्या वरच्या पायरीवर बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “उद्या कवा यायचं?”

करायला गेले एक आणि झालं भलतंच. आठवड्याभरात बाईंना सरावाची गोडी लागली. मी पाठीवरची पिशवी दिली, त्यांनी त्यात तांदळाची पुरचुंडी घालून वजन वाढवलं. मी म्हटलं, अनवाणी नको, बूट हवेत. शेतात चिखल तुडवून पसरलेले त्यांचे पाय बायकांच्या एकाही बुटात शिरेनात, तेव्हा दुकानदाराने पुरुषांचे निळे-पोपटी बूट काढले. नऊवारीचा काष्टा आणि खाली ते बूट घालून त्या गावातून निघाल्या की शेजारच्या नीराबाई ओट्यावरून ओरडायच्या, “आवडे, पोलिसात भरती व्हतीस काय?”

“व्हय, आनि पयलं तुलाच धरून नेनार,” सासूबाई म्हणायच्या. मग माझ्याकडे बोट करून, “ही बघ माझी मास्तर. हिच्यासारकी सून शोदून दाव गावात.”

असं त्या म्हणाल्या की मला तोंड कुठे लपवू असं व्हायचं.

एकदा टाकीवर बसून आम्ही पाणी पीत होतो. खाली कापलेल्या भाताची शेतं, त्यापलीकडे खाडीची चमकती कड. सासूबाई तिकडे बघत होत्या. “जल्मभर चालले मी,” त्या म्हणाल्या, “पन डोक्यावर कायतरी असायचंच. हंडा न्हायतर भारा न्हायतर मोळी. रिकाम्या डोक्यानं चालायला किती बरं वाटतं गं.” मी हसले. त्याही हसल्या. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही दोघी अशा पहिल्यांदाच बसलो होतो, आणि ते सगळं एका खोट्यावर उभं होतं. सांगून टाक, सांगून टाक, असं मी स्वतःला बजावत राहिले. मग त्या उठल्या आणि मीही उठले.

पुनव जवळ आली तसा रितेशचा धीर सुटला. “गेली तर गेली. देवदर्शन होईल, काय बिघडतं?” असं तो आता म्हणायला लागला. बिघडलं ते दोनच दिवसांनी. उतरताना सासूबाईंचा पाय दवाने ओल्या पायरीवरून सरकला आणि उजवा गुडघा आपटला. घरी येईपर्यंत तो टम्म सुजला. सासरे, बाळाजी, तसे अबोल माणूस, पण त्या दिवशी ते माझ्यावर खेकसले. “म्हातारीला मारतेस काय?” मी हळद आणि तुरटीचा लेप लावला. रोज सकाळ-संध्याकाळ तेल कोमट करून गुडघा चोळायला लागले.

मनात मात्र मी देवीचे आभार मानत होते. सुटलो, आता काही या जात नाहीत. मी इतकी नीच असेन असं मला वाटलं नव्हतं.

“आई, आता डोंगराचं राहू द्या,” मी चोळता चोळता म्हटलं.

“का ऱ्हाऊ दे? सूज उतरतेय. आनि दुकलं तर दुकू दे. देवीला बी दिसल, म्हातारी सुनेसाठी किती सोसती ती.”

माझा हात थांबला. त्या वेळी घरात दुसरं कुणी नव्हतं. यापेक्षा चांगली वेळ शोधून सापडली नसती.

“थांबलीस का? बरं वाटतंय,” त्या डोळे मिटून म्हणाल्या.

मी पुन्हा चोळायला लागले.

पुनवेपर्यंत सूज उतरली. रितेश रजा काढून आला. पहाटे जीप दारात उभी राहिली. सासूबाईंनी भाकऱ्या, सुका जवळा आणि कांदा बांधून घेतला होता. मी पाणी, मीठ-साखर, गुडघ्याला बांधायचा पट्टा आणि काठी घेतली. ओटीचं सामान मला हातात धरायला दिलं होतं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. निघणार एवढ्यात सासरे उंबऱ्यात उभे राहिले. “गाऱ्हानं घातल्याबिगर कुटं निगालात?”

आमच्याकडे वरच्या देवीला जाताना दारातच गाऱ्हाणं घालतात. ज्याच्यासाठी मागायचं त्याने आधी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं, मग घरच्या सगळ्यांनी. त्याने होकार भरला नाही तर मागणं दारातच राहतं, वर पोचत नाही, असं मानतात. मला हे माहीत होतं, पण त्या पहाटे ते माझ्यावर येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सासऱ्यांनी हात जोडले. “काळकाय माते, डोंगराच्या मालकिनी! आज तुजी लेक तुज्या पायाशी येतेय. वाटंत पाय घसरंल तर सांबाळ, काय चुकलं-माकलं तर पदरात घे. माज्या सुनेच्या पोटी ल्योक घाल, तिला हाय ती आस पुरी कर, माय माजे!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रितेश तेवढा मोबाईलकडे बघत होता. सासूबाई कमरेला पदर खोचून, बूट घालून, आशेने माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“बोल की गं,” त्या म्हणाल्या.

“न्हाय,” मी म्हटलं. “आई, मला ती आस नाही. कधीच नव्हती. आम्ही दोघांनी ठरवलंय, मूल नको. लग्नाच्या आधीपासून.”

जीपवाला हळूच गाडीच्या पलीकडे गेला. सासऱ्यांचे जोडलेले हात तसेच राहिले. सासूबाईंनी रितेशकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली, तेव्हा त्यांना सगळं कळलं.

मला वाटलं त्या आकांत करतील, मला घराबाहेर काढतील. मी त्यासाठी तयार होते. त्या ओट्याच्या कडेला बसल्या आणि बराच वेळ उजव्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिल्या.

“पोराबाळाचं मी मागनं बघीन,” त्या शेवटी म्हणाल्या. “पन प्रणाली, हा सुजला हुता, तवा तू रोज चोळत हुतीस. तवा बी बोलली न्हाईस?”

मी रडायला लागले, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“गाऱ्हानं परत घाला,” त्या सासऱ्यांना म्हणाल्या.

“आता काय घालू, आवडे?”

“माज्यासाठी घाला. ह्या घरात मला कुनीतरी खरं सांगावं, येवडंच.”

सासऱ्यांनी कसेबसे ते शब्द उच्चारले. मागणं सासूबाईंचं होतं, म्हणून पहिला होकार त्यांचा. “व्हय महाराजा,” त्या खणखणीत म्हणाल्या.

मग घरच्यांची पाळी आली. रितेशने तोंड उघडलं आणि मिटलं. मीही तेच केलं; पाच वर्षं लपवलेल्या तोंडातून ‘व्हय’ निघेना. त्या आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत उभ्या राहिल्या. मग माझ्या हातातून ओटी आणि काठी काढून घेतली, पिशवी स्वतःच पाठीला लावली आणि जीपमध्ये पुढे, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या.