सुईचे आकडे

सडक अर्जुनीहून गोंदियाले जाऊन राहिलो होतो. ॲम्ब्युलन्समध्ये मागे तिघंच. स्ट्रेचरवर खुशालदादा, बाकड्यावर मी, अन् ऑक्सिजनचं सिलिंडर. समोर विक्की गाडी चालवून राहिला होता.

दादा माझा मोठा भाऊ, अन् शाळेत गणिताचा गुरुजीबी. सातवीत त्यानं गणित घातलं होतं, फुटक्या तोटीतून मिनिटाले इतकं पाणी जाते, त हौद कधी रिकामा होईन? मी लिहिलं, "गुरुजी, पहिले तोटी बदला." अख्खा वर्ग हासला. मी बेंचावर उभा. आजबी मी, टिंकूनं, काही सांगितलं त गावात मस्करीच समजते, कोणी खरं धरत नाही.

निघतानीच विचारलं, "विक्की, किती वेळ?"

"सत्तर मिनिटं, काका."

तवा सिलिंडरची सुई शंभरवर होती. दहा मिनिटांनी ऐंशीवर. मले गणित येत नाही, पण हे आलं. निघाल्यापासून पन्नास मिनिटांत ऑक्सिजन खतम.

नॉब कमी केला, त दादा तडफडला. परत फिरवला. विक्कीनं वाटेतल्या दवाखान्यांत फोन लावले. दुसरं सिलिंडर कुठंच नव्हतं.

दादाले झोपल्या झोपल्या सुई दिसत नव्हती. मास्कमधून म्हणे, "टिंकू, किती?"

"नव्वद."

त्यानं बोटं मोजली. "दहा मिनिटांत दहा. सत्तरमध्ये सत्तर. तीस उरते."

"मंग भेतस कायले, गुरुजी?"

"मी कुठं भेऊन राहिलो बे!"

आता लबाडी सांभाळाची होती, अन् समोर मास्तर. वीस मिनिटाले म्हटलं ऐंशी, सुई साठवर. तीसले म्हटलं सत्तर, सुई चाळीसवर. घड्याळ पाहून उत्तर काढत होतो, एकबी चुकलं नाही. भेव वाटाले पाहिजे होतं. काहीच वाटत नव्हतं. हात दुसऱ्या कोणाचे असल्यावानी मांडीवर पडले होते.

चाळीसले दादाच म्हणे, "साठ ना?"

"बरोबर साठ."

"पास झाला रे." त्यानं डोळे मिटले.

पन्नासले सुई शून्यावर टेकली. "पन्नास, दादा." त्यानं मान हालवली.

साठ मिनिटं झाली. त्यानं विचारलं नाही. मास्कवर वाफ येत नव्हती.

"चाळीस," मी म्हणलो.

दवाखान्यासमोर विक्कीनं मागचं दार उघडलं अन् तिथंच उभा राहिला. मी घड्याळ पाहिलं. बरोबर सत्तर.

"दादा, तीस उरले."